जांभई का येते आणि ती काय सांगते?



उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात साखर कारखान्यांसमोर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. नंबराची वाट पाहताना एकाने जांभई दिली की शेजारच्यालाही ती येते. ‘शरीराला प्राणवायू कमी पडतो म्हणून जांभई येते’ असे आपण ऐकत आलो आहोत. परंतु हा समज बरोबर नाही.

प्रयोग काय सांगतो?
अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली काही जणांना शुद्ध प्राणवायू, तर काही वेळा जादा कर्बवायू मिसळलेली हवा श्वासासाठी दिली. कर्बवायूने श्वास जलद झाला. पण जांभयांची संख्या दोन्ही वेळा बदलली नाही.

जांभई मुख्यतः झोप आणि जाग यांच्या सीमेवर येते. ती साधारण सहा सेकंद टिकते. जबडा ताणल्याने डोक्याकडील रक्ताभिसरण वाढते व आत घेतलेल्या हवेने मेंदू थोडा थंड होतो, असे काही शास्त्रज्ञ मानतात. २०२१ साली शंभराहून अधिक जातींच्या सस्तन प्राण्यांचा व पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा मेंदू मोठा, त्यांची जांभई लांब, असे त्यात आढळून आले.

जनावरांची जांभई
कुत्रा झोपेतून उठताना जांभई देतो, तसाच तो अस्वस्थ झाल्यावरही देतो. माणसाची जांभई पाहून कुत्र्याला जांभई आल्याचेही प्रयोगात दिसले आहे. गाय-म्हैस मात्र क्वचितच जांभई देते. म्हणून गोठ्यात उघडे तोंड दिसल्यास ती जांभई समजून दुर्लक्ष करू नये. जांभई एकदा येते, काही सेकंदांत तोंड मिटते व जनावर शांत असते. खालील लक्षणे मात्र वेगळी आहेत :

१. तोंड सतत उघडे, जीभ बाहेर, लाळ गळणे, धापा टाकणे : हा उष्णतेचा ताण असू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत संकरित गायींना तो गीर किंवा डांगी गायीपेक्षा लवकर होतो. जनावर सावलीत घ्यावे, भरपूर पाणी पाजावे, अंगावर पाणी मारावे.

२. मान ताणणे, लाळ गळणे व डावी कूस फुगणे : घशात कांदा, बीट किंवा मक्याचे कणीस अडकलेले असू शकते. विलंब न करता पशुवैद्यकास बोलवावे.

३. कोंबडी मान लांब करून वारंवार चोच उघडत असल्यास : उन्हाळ्यात ती उष्णतेने धापा टाकते, परंतु गारव्यातही असे होत असल्यास श्वासनलिकेतील जंत किंवा श्वसनरोग संभवतो. पक्षी वेगळा करून तपासून घ्यावा.

आपल्या स्वतःसाठी
रात्री ऊस वाहताना किंवा कडबाकुट्टी चालवताना जांभयांवर जांभया येऊ लागल्या, तर मेंदू झोपेकडे झुकला आहे असे समजावे. तोंडावर पाणी मारून किंवा वारा घेऊन झोप टळत नाही. वाहन रस्त्याच्या पूर्ण बाजूला घ्यावे, पार्किंग दिवे लावावेत, ट्रॉलीमागे परावर्तक पट्ट्या आहेत ना ते पाहावे आणि पंधरा-वीस मिनिटे झोप काढावी. कडबाकुट्टी तर बंदच करावी. यंत्रात गेलेला हात परत मिळत नाही. राहिलेली कुट्टी मात्र सकाळीही करता येते.