निरोगी त्वचेतील प्रतिरक्षा पेशी आणि गाजरगवत

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीसाठी मोकळ्या ठेवलेल्या काळ्या रानांत व बांधांवर पावसाळ्यात गाजरगवत माजते. वर्षानुवर्षे ते उपटणाऱ्या दोघा शेतकऱ्यांपैकी एकाच्या पापण्या, मान व कोपरांचे खळगे सुजून खाजू लागतात. दुसऱ्यास काहीच होत नाही. तत्पूर्वी दोघांचीही त्वचा सारखीच निरोगी दिसत असते. हा भेद डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींत असतो.

बाह्यत्वचेत शेकडा दोन ते चार पेशी लांगरहान्स पेशी होत. पाउल लांगरहान्स याने १८६८ साली, बर्लिन येथे विद्यार्थिदशेत असताना, सुवर्णक्षाराने रंगवून त्या प्रथम दाखविल्या आणि त्यांस मज्जापेशी मानले. ही समजूत दीर्घकाळ टिकली. १९७७ साली त्यांच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडाचे पुच्छ व पूरक द्रव्य पकडणारे ग्राही आढळले, तेव्हा त्यांचे प्रतिरक्षेशी असलेले नाते स्पष्ट झाले. त्यांच्या ठायी असणारा लँगेरिन हा ग्राही जंतूंवरील शर्करा ओळखतो.

गाजरगवतातील पार्थेनिन मात्र अशा ग्राहीच्या वाटेने येत नाही. हा लहानसा रेणू त्वचेतील प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांशी स्वतःच जोडला जातो. अशा रीतीने विकृत झालेले स्वकीय प्रथिन घेऊन लांगरहान्स पेशी व अंतस्त्वचेतील तिच्या सहकारी पेशी लसीका ग्रंथीत जातात. तेथे असंख्य टी पेशींपैकी ज्यांचा ग्राही त्या प्रथिनखंडाशी जुळतो, तेवढ्याच वाढीस लागतात व त्वचेतील रक्तवाहिन्यांस चिकटण्याची खूण धारण करून परततात. त्यांतील काही तेथेच वास्तव्य करतात.

या रहिवाशांची संख्या विस्मयकारक आहे. प्रौढ मनुष्याच्या निरोगी त्वचेत सुमारे २,००० कोटी टी पेशी असतात, असा अंदाज २००६ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील संख्येच्या ही जवळजवळ दुप्पट होय. केवळ रक्त तपासून त्वचेचा इतिहास का कळत नाही, हे यावरून उमगते.

पुण्यात १९५५ साली गाजरगवताकडे वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी १९७४ साली केले. (मधल्या दोन दशकांत किती जणांचा दाह उन्हावर वा घामावर ढकलला गेला असेल, कोण सांगणार!) निदानासाठी या वनस्पतीचा सौम्य अर्क पट्टीखाली, बहुधा पाठीवर, जेथे दाह नाही अशा त्वचेवरच ठेवतात. ४८ तासांनी पट्टी काढून त्या वेळी व पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी पाहणी करतात. संवेदनशील शेतकऱ्याच्या पाठीस गवताचा कधी स्पर्शही झालेला नसेल. तरीही तेथे लाल, उंचवट्याचा ठिपका उमटतो, कारण ओळख पटलेल्या टी पेशी रक्तामार्गे साऱ्या शरीराच्या त्वचेपर्यंत पोहोचू शकतात.