सणांची मराठी नावं

कोकणातले बेने इस्राएल रोश हशानाला ‘नव्याचा सण’ म्हणत. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी लोक दारं लावून घरात राहत. तिशा बआव म्हणजे ‘बिरड्याचा सण’, कारण तेव्हा वालाचं बिरडं होई. प्रार्थनेतला शमा हिब्रूत टिकला होता, पण घरात, घाण्यावर आणि बाजारात मराठीच होती. 1846 मध्ये मुंबईत छापलेल्या हगादात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे, ते घरातल्या सर्वांना कळावं म्हणून.

1948 नंतर बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. दिमोना, अश्दोद, लोद इथे शाळा, नोकरी, सैन्य सगळं हिब्रूत. आजी-आजोबा मराठी बोलत राहिले. मुलांना ती समजे, पण उत्तर हिब्रूत येई. नातवंडांकडे बहुतेक वेळा पदार्थांची आणि गाण्यांची नावं उरली. तरी तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघालं.

असं दुसऱ्यांच्याही बाबतीत झालं. 1937 मध्ये सोव्हिएत सरकारने आपल्या पूर्व सीमेवरच्या कोरियन लोकांना मध्य आशियात हलवलं. लवकरच त्यांच्या शाळा रशियन झाल्या आणि नातवंडांची भाषाही. त्यांच्या गाजराच्या कोशिंबिरीचं नाव मात्र आजही अर्धं रशियन, अर्धं कोरियन आहे: ‘मोर्कोव्चा’.

उलट उदाहरण वेल्शचं. 1865 मध्ये ‘मिमोसा’ जहाजातून काही वेल्श कुटुंबं अर्जेंटिनातल्या पातागोनियात गेली. तिथे आजही वेल्श शिकवणाऱ्या शाळा आहेत. इथे कार्डिफमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर वेल्श दिसते, तिच्या शाळा आहेत आणि 2011 च्या कायद्याने तिला अधिकृत दर्जा आहे. म्हणजे भाषेवर नुसतं प्रेम असून भागत नाही, तिला रोजचं काम लागतं.

कार्डिफमध्ये मराठीला पाटी नाही, कचेरी नाही. तिच्याकडे घर आहे, हा वर्ग आहे आणि सण आहेत. बिरड्याची कृती इंग्रजीत लिहून ठेवता येईल. पण ठाण्याची किंवा अश्दोदची आजी फोनवर “वाल भिजत घातलेस का?” असं विचारील, तेव्हा उत्तर मराठीतच द्यावं लागेल.

घरी करा: घरातल्या मोठ्यांना सणांची जुनी नावं विचारा आणि वहीत लिहा. प्रत्येक नावापुढे त्या दिवशी घरात काय शिजतं ते मराठीत एका वाक्यात लिहा. पुढच्या तासाला ते वाक्य मोठ्याने वाचायचं आहे.