संख्यांची ओळ आणि तिचा नियम

नवाचा पाढा बहुतेक मुलांस पाठ असतो. परंतु त्यांतील मौज फार थोड्यांच्या लक्षांत आलेली असते. ९, १८, २७, ३६ असे आंकडे एकाखालीं एक लिहिले म्हणजे दशकाचा अंक एकेकानें चढत जातो, एककाचा तसाच उतरत जातो, आणि थेट ९० पर्यंत प्रत्येक संख्येंतील अंकांची बेरीज ९ च भरते. असें कां व्हावें? नऊ मिळविणें म्हणजे दहा मिळवून एक काढून घेणें, एवढेंच त्यांतील इंगित. तें ज्या मुलास उमगलें, त्याला विसरलेला पाढाहि पुनः उभा करतां येतो.

संख्यांच्या ओळींतील नियम शोधणें हा पुढील बीजगणिताचा पाया होय, आणि तो घालण्यास आगपेटीच्या काड्या पुरेत. चार काड्यांचा एक चौरस मांडावा. त्याला लागून दुसरा, त्यापुढें तिसरा जोडावा. मधली काडी मात्र दोहोंत सामाईक ठेवावी. एका चौरसास ४, दोहोंस ७, तिहींस १० काड्या लागतात. मग विचारावें, दहा चौरसांस किती? ‘चाळीस’ असें उत्तर पुष्कळदां येतें. तेव्हां ‘चूक’ म्हणून मोकळें न होतां मुलास काड्या मोजावयास लावाव्या. सामाईक काडी दोनदां धरली गेली, हें मग त्याचें त्यालाच कळतें.

दुसरें एखादें मूल तीन तीन मिळवीत ३१ वर येऊन पोंचतें. उत्तर बरोबर आहे; पण शंभर चौरसांसाठीं ही वाट फार लांबची. म्हणून प्रश्न बदलावा: मधले आंकडे न मांडतां काड्या एकदम कशा सांगतां येतील? पहिली उभी काडी बाजूस ठेवली, तर प्रत्येक चौरस तीनच काड्या मागतो. अर्थात् चौरसांच्या संख्येची तिप्पट करून त्यांत एक मिळवावा. शंभरांस ३०१ काड्या. एका संख्येवरून दुसरी निश्चित ठरविणाऱ्या अशा संबंधास उच्च गणितांत ‘फलन’ म्हणतात. नांव मागाहून कळलें तरी चालेल, संबंध आधीं दिसला पाहिजे.

हा विचार या देशांत नवा नाहीं. भास्कराचार्यांनीं सन ११५० मध्यें रचिलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत एका दात्याचें उदाहरण आहे. तो पहिल्या दिवशीं ४ द्रम्म देतो व पुढें रोज ५ वाढवितो. तर पंधरा दिवसांत एकूण दान किती? आरंभाच्या संख्येस तेथें ‘आदि’ व वाढीस ‘चय’ म्हटलें आहे. शेवटच्या दिवसापर्यंत वाढ चौदा वेळां होते, म्हणून त्या दिवसाचें दान ७४. पहिल्या व शेवटच्या दानाची निम्मी बेरीज ३९. तिची पंधरापट ५८५.

शिकविणाऱ्यानें एक सावधगिरी मात्र बाळगावी. १, २, ४ यांपुढें कोणती संख्या? दुप्पट करणारें मूल ८ म्हणेल; वाढ १, २, ३ अशी पाहणारें ७ म्हणेल. दोन्ही उत्तरें आपापल्या नियमानें खरीं आहेत. ७ वर तांबडी रेघ ओढली, तर मूल विचार करण्याचें सोडून शिक्षकाच्या मनांतील उत्तर हुडकूं लागतें. म्हणून पुढील संख्येबरोबर तिचें कारणहि विचारावें, आणि तें ऐकून घेतल्यावरच लेखणी उचलावी.