बिलिंगचा छोटा कॉम्प्युटर संध्याकाळी रडतो? आधी तापमान मोजा



जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडायच्या आधीची गर्दी. डोंबिवलीतल्या आपल्या स्टेशनरीच्या दुकानात संध्याकाळी सात वाजता काउंटरवर आठ-दहा पालक, प्रत्येकाच्या हातात वह्यांची यादी, आणि बिलाची स्क्रीन गोगलगाय झालेली. बारकोड मारला की नाव यायला चार-पाच सेकंद. दोघं जण यादी खिशात घालून समोरच्या दुकानात गेले. सीझनचं गिऱ्हाईक असं डोळ्यांसमोर जातं तेव्हा काय वाटतं, ते दुकानदारालाच कळतं.

आपलं बिलिंग रास्पबेरी पाय ४ वर, ब्राउझरमध्ये चालतं. मला वाटलं बोर्ड गेला. नवीन पीसीचं कोटेशनसुद्धा मागवलं. मग डोक्यात आलं, सकाळी हेच मशीन पळतं, मग संध्याकाळीच का अडतं?

वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून सीपीयू टेम्परेचरचा आकडा लावला. संध्याकाळी तो ८१ अंश दिसला. आता गंमत बघा: पाय ४ ची चिप ८० अंशांच्या पुढे गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, ८५ ला आणखी आवळते. माझा बोर्ड बंद प्लास्टिकच्या डबीत, डबी ड्रॉवरमध्ये, शेजारी यूपीएस. कल्याण-डोंबिवलीचा उन्हाळा त्यात वेगळा. दोष बोर्डाचा नव्हताच, जागा मी चुकीची दिली होती.

उपाय म्हणून पॅसिव्ह कूलिंगची ॲल्युमिनियम केस घेतली. हिला पंखा नसतो. आतून धातूचा एक ठोकळा चिपला टेकतो, मध्ये मऊ थर्मल पॅड असतो. उष्णता पॅडमधून ठोकळ्यात, तिथून सगळ्या केसमध्ये आणि मग हवेत जाते. पंखा धूळ ओढतो, आवाज करतो, एक दिवस अडकतो. रस्त्यालगतच्या दुकानाला किंवा पिठाच्या गिरणीला पंख्याशिवायचं काम बरं.

बसवताना एवढं सांभाळा:

१. केस तुमच्या मॉडेलचीच घ्या. पाय ४ आणि पाय ५ ची पोर्टं वेगळ्या जागी आहेत, एकाची केस दुसऱ्याला बसत नाही.

२. मशीन नीट शटडाउन करा, वायर काढा, आणि सगळ्यात आधी मेमरी कार्ड बाहेर काढा. कार्ड आत ठेवून बोर्ड उचकटला तर ते मोडू शकतं.

३. थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म सोला. मी पहिल्यांदा एकच बाजू सोलली होती. आकडा फारसा हललाच नाही, पुन्हा सगळं उघडावं लागलं.

४. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले थोडे थोडे आवळा. जोर लावू नका, बोर्ड वाकतो. पिना धातूला टेकत नाहीत ना, तेही बघा.

५. धातूच्या केसमध्ये वाय-फाय कमजोर होऊ शकतं. बिलिंगला शक्यतो लॅन केबल लावा.

६. केस मोकळ्या हवेत ठेवा. ड्रॉवरमध्ये, फ्रिजच्या मागे किंवा यूपीएसवर नको.

केस हाताला गरम लागली तर घाबरू नका, आतली उष्णता बाहेर येते आहे याचीच ती खूण. माझ्याकडे आता गर्दीच्या वेळी आकडा साठीच्या आसपास असतो आणि बिल पटापट निघतं. कोटेशन रद्द केलं.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. स्क्रीनवर लो व्होल्टेजची सूचना येत असेल तर आधी ॲडाप्टर बदला. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतो. मोबाईलचा जुना चार्जर लावून केसला दोष देऊ नका. आणि पाय ५ वर दिवसभर जड काम असेल तर पंख्याचा कूलरच घ्या.

आजचं गृहपाठ सोपं आहे. दुकान उघडताना एकदा आणि ऐन गर्दीत एकदा, दोन्ही आकडे वहीत लिहा, सलग तीन दिवस. गल्ल्याचा हिशोब जसा रोज लिहिता, तसाच. पैसे कुठे खर्च करायचे ते ती वहीच सांगेल.