तीन चाकांचे कोडे

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब पॅरिस, स्टुटगार्ट आणि म्युनिक ही शहरे पाहून आलो. प्रवास आगगाडीचा, राहणे साधे आणि जमेल तेथे एखादे तंत्रज्ञानाचे संग्रहालय पाहायचे, असे घरात ठरले होते. येथे प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. या प्रवासात एक प्रश्न आमच्या हाती लागला. त्याच्या उत्तरात आठवी-नववीची भूमिती आणि थोडे भौतिकशास्त्र कसे कामाला येते, एवढेच सांगायचे आहे.

स्टुटगार्टचे मर्सिडीज-बेंझ संग्रहालय २००६ साली उघडले. तेथे लिफ्टने आधी सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे आणि मग एकमेकांभोवती गुंफलेल्या दोन सर्पिल मार्गांवरून काळाबरोबर खाली उतरायचे, अशी रचना आहे. सुरुवातीलाच १८८६ सालच्या दोन मोटारी भेटतात. गोटलिप डाइमलर यांनी चार चाकांच्या घोडागाडीवरच इंजिन बसवले होते. २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या गाडीच्या पेटंटसाठी कार्ल बेंझ यांनी अर्ज केला, तिला मात्र तीनच चाके होती. तिच्याकडे पाहून आमची मुलगी म्हणाली, "ही तर आपली रिक्षा!"

तिचे म्हणणे खरेच होते. पुढे वळणारे एक चाक, मागे इंजिन आणि इंजिनाने फिरणारी मागची दोन चाके, ही मांडणी आपण रोज रस्त्यावर पाहतो. त्यापूर्वी पॅरिसच्या कला व शिल्प संग्रहालयात आम्ही क्युन्यो यांची १७७० च्या सुमाराची वाफेची गाडी पाहिली होती. तिलाही तीनच चाके. घोडागाड्यांना सर्रास चार चाके असताना या दोघांनी तीन का निवडली?

वळणाची भूमिती

जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा आस मधोमध एका खुंटीवर बसवलेला असे आणि वळताना तो आख्खा फिरे. घोडे आसाला ओढून वळवत, तोपर्यंत हे ठीक होते. घोडे गेले आणि आस माणसाने हाताने वळवायचा म्हटले, की अडचणी सुरू होतात. एक चाक दगडावर आदळले, तर लांब आसामुळे तो धक्का तरफेसारखा वाढून चालकाच्या हाताला हिसका देतो. शिवाय आस फार वळला, की गाडीच्या पुढच्या भागाचा आधार अरुंद होतो.

मग आस स्थिर ठेवून दोन्ही चाके टोकांशी वेगवेगळी वळवली तर? येथे भूमिती आडवी येते. चाक न घासता गोल फिरायचे असेल, तर त्याच्या आसाची रेषा वर्तुळाच्या केंद्रातून जायला हवी. चारही चाकांचे केंद्र एकच हवे. समजा, पुढच्या व मागच्या चाकांत २.५ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर आहे. वळणाचे केंद्र मागच्या आसाच्या रेषेवर, आतल्या चाकापासून ४ मीटरवर घेतले, तर पुढचे आतले चाक ३२ अंशांनी वळायला हवे आणि बाहेरचे सुमारे २४ अंशांनी. दोन्ही सारखीच वळवली, तर टायर घासत जाणार.

पुढे एकच चाक असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. बेंझ यांच्या तीन चाकांचे मर्म हे आहे.

गंमत म्हणजे दोन चाके दोन कोनांत वळवणारी रचना म्युनिकचे गाडीकारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ च्या सुमारास शोधली होती. इंग्लंडमधील पेटंट त्यांचे प्रतिनिधी रुडोल्फ आकरमान यांच्या नावे निघाले आणि तेच नाव या भूमितीला चिकटले. बेंझ यांनी अशा प्रकारच्या सुकाणूचे आपले पेटंट १८९३ साली मिळवले आणि त्यानंतर त्यांच्या गाड्यांना चार चाके आली.

मागच्या चाकांचा हिशेब

पुढचा प्रश्न सुटला, तरी मागे दोन चाके आहेतच. कवायतीत रांग वळते, तेव्हा आतला विद्यार्थी जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो आणि बाहेरच्याला पळावे लागते. चाकांचेही तसेच. दोन चाकांत १.५ मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेरीत बाहेरचे चाक २ × ३.१४ × १.५, म्हणजे सुमारे ९.४ मीटर जास्त चालते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. का, ते विद्यार्थ्यांनी सूत्र मांडून पाहावे.

बैलगाडीत दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून तिला ही अडचण नाही. इंजिनाला मात्र दोन्ही चाके फिरवायची असतात. यावरचा तोडगा म्हणजे डिफरन्शियल. मोटारींच्या कामाची त्याची रचना १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर यांनी वाफेच्या गाडीसाठी केली. बेंझ यांच्या पहिल्या गाडीत डिफरन्शियल होते आणि आपल्या रिक्षातही असते.

त्याचे तत्त्व असे. दोन दातेरी पट्ट्या समांतर ठेवून मध्ये एक दातेरी चाक बसवा आणि त्याचा आस पुढे ढकला. दोन्ही पट्ट्यांना सारखाच विरोध असेल, तर त्या बरोबरीने सरकतात. एक धरून ठेवली, तर दुसरी दुप्पट सरकते. म्हणजे दोन्हींची बेरीज ठरलेली, वाटणी मात्र रस्ता ठरवतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म उभे राहते, तेही याच कारणाने. म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक देतात.

सोयीची किंमत

तीन चाकांची सोय फुकट मिळत नाही. तीन चाकांचे टेकू जोडले, तर त्रिकोण होतो. वळताना गाडी पुढचे चाक आणि मागचे बाहेरचे चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर कलू पाहते. ही रेषा चारचाकीच्या कडेपेक्षा गुरुत्वमध्याला जवळ असते. त्यात कलवणारा परिणाम वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. बेंझ यांची गाडी ताशी १६ किलोमीटरच्या आसपास धावे. त्याच वळणावर वेग तिप्पट केला, तर परिणाम नऊपट होतो. भरलेली रिक्षा वळणावर वेगाने का घेऊ नये, याचे कारण हेच. शाळेत मुलांना पोचवणाऱ्या प्रत्येक रिक्षाचालकाला आणि पालकाला ते माहीत असावे.

शंभर किलोमीटरची परीक्षा

पेटंट मिळाले, तरी गाडी खरोखर प्रवासाची आहे, हे सिद्ध व्हायचे होते. ते काम ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी केले. ऑयगेन आणि रिशार्ड या दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून आपल्या माहेरी, सुमारे शंभर किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला, गाडीने गेल्या. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन हे इंधन घेतले. इंजिन थंड ठेवणारे पाणी उकळून उडून जाई, ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. चढावर गाडी ढकलावी लागली आणि लाकडी ब्रेकवर चांभाराकडून चामडे ठोकून घ्यावे लागले. पुढे गाडीत चढासाठी वेगळा गियर आला. कागदावरची रचना आणि रस्त्यावरची गाडी यांत किती अंतर असते, ते या माहेरच्या प्रवासाने दाखवले.

करून पाहा

१. वर दिलेली मापे कागदावर १ मीटरला ४ सेंटिमीटर या प्रमाणात काढा. कोनमापकाने पुढच्या दोन चाकांचे कोन मोजा. केंद्र दूर नेले, तर दोन कोनांतला फरक वाढतो की कमी होतो?

२. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या गाड्या करा, एक तीन चाकांची आणि एक चार चाकांची. दोन्हींवर सारख्याच जागी वजन ठेवून पाटीवर आडव्या उभ्या करा आणि पाटी हळूहळू तिरपी करा. कोणती आधी उलटते? वजन आणखी मागे सरकवल्यास काय होते?

३. गावातल्या गॅरेजमध्ये मेस्त्रींना विनंती करून उघडलेले डिफरन्शियल पाहा. एक चाक हाताने फिरवल्यावर दुसरे कोणत्या दिशेने फिरते, ते आधी तर्काने ठरवा आणि मगच बघा.