नवतपा आणि बटेरचं अंडं

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, लागला की गोंदियात माणूस कूलर सोडत नाही. दुकानातलं बटेरचं अंडं मात्र काउंटरवर मुकाट पंचेचाळिशी सोसत असतं. वजन जेमतेम 10 ते 12 ग्रॅम; पाच अंडी मिळून कोंबडीचं एक. अंडं लहान म्हणून वजनाच्या मानाने कवचाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे आतली ओल लवकर उडते. ओलीबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि घट्ट पांढरं पातळ होतं.

कोंबडीचं अंडं उजेडासमोर धरून पारखता येतं. हे ठिपकेदार महाशय तिथे दाद देत नाहीत. मग वाटीभर पाणी घ्या. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फारच जुनं तरंगतं.

नर-मादी एकाच पिंजऱ्यात असतील तर आणखी गंमत. फलित अंड्यातला जीव 20-21 अंशांच्या वर हालचाल सुरू करू शकतो, आणि उबवणी यंत्र चालतं साधारण साडेसदतीसवर. म्हणजे मे महिन्यातली आपली खोली त्याहून गरम! खायची अंडी हवीत तर नर वेगळे ठेवलेले बरे.

आता डबी. पारदर्शक प्लास्टिकची डबी दिसायला झकास, पण तिला भोकं हवीत. फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला बाहेर घाम फुटतो, आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरतात. कागदी लगद्याचा ट्रे ओल शोषतो, धक्काही झेलतो. कूलरच्या ओल्या झोतात ठेवला तर त्यालाच बुरशी धरते. अंड्यांचा कागदी खोका 1911 मध्ये कॅनडातल्या जोसेफ कॉयल नावाच्या संपादकाने काढला. फुटक्या अंड्यांवरून शेतकरी आणि हॉटेलवाल्याचं भांडण त्याच्या कानावर आलं होतं म्हणे. आपल्याकडे राइस मिलचं तूस ढिगाने पडलेलं असतं. धक्के झेलायला तेही चालेल, फक्त कोरडं हवं.

फ्रिजच्या दारातल्या खाचा कोंबडीच्या अंड्याच्या मापाच्या. त्यात बटेरचं अंडं नुसतं लोळतं. शिवाय दार उघडलं की गरम वारा आधी तिथेच. म्हणून डबी आतल्या कप्प्यात, बोथट टोक वर, लसणापासून लांब. ठेवण्याआधी धुऊ नका, कवचावरचं नैसर्गिक आवरण निघून जातं.

एक मात्र खरं, अगदी ताजं अंडं उकडलं तर सोलताना जीव खातं. मसाल्यासाठी फ्रिजमधलं चार-पाच दिवसांचंच बरं.

आणि हो, हा पक्षी जपानी बटेर, 1974 मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणलेला. धुऱ्यावरच्या रानलाव्याची, म्हणजे रानातल्या बटेरची, अंडी उचलायची नाहीत, तो कायद्याने गुन्हा आहे. दुकानात गेलात की भाव नंतर विचारा, अंडी कधीची ते आधी विचारा.