हवेतील वाटणी



पाळीचे आणि पगाराचे तंटे सोडविण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्ही वायफायवर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. पण हाही प्रश्न वाटणीचाच आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी कामगार भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरण्यास जमतात. दहा जण बसले की सर्वांचेच काम रखडते, आणि मग एखाद्या सिनेमा पाहणाऱ्या पोरावर सगळे खेकसतात. खरे कारण निराळेच निघाले.

वायफायची वाहिनी म्हणजे एकपदरी पूल. एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द वाया जातात. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रे बिनतारी जोडली, तेव्हा वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावे अशी मुभा होती. त्या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के कामी येते, असे गणित सांगते. म्हणून १९९७ साली वायफायचे नियम ठरले त्यांत शिस्त आली: आधी कानोसा घ्यावा, वाहिनी मोकळी झाली तरी चिठ्ठीत निघेल तितके क्षण थांबावे, मगच बोलावे.

अशाने सर्वांस सारख्या पाळ्या मिळतात. पण सारखी पाळी म्हणजे सारखा वेळ नव्हे. समजा, पेटीजवळच्या यंत्राचा वेग सेकंदास ५४ मेगाबिट आहे, आणि जिन्यावर बसलेल्याचा, लहरी क्षीण झाल्याने, ६. तेवढाच मजकूर पाठविण्यास दुसऱ्यास नऊपट वेळ लागतो. दोघे आळीपाळीने बोलले तर, वरखर्च सोडता, दोघांच्याही पदरात ५.४ मेगाबिटच पडतात. त्याऐवजी वेळ निम्मा-निम्मा वाटला, तर पहिल्यास २७ आणि दुसऱ्यास ३. एकूण काम जवळजवळ तिप्पट होते. पण दुबळ्याचा वाटा घटतो.

मग न्याय कोणता? आमच्या जिन्यावर बसणारा होता एक म्हातारा पहारेकरी. आत जागा नसे म्हणून तो बाहेर बसे. त्याचा वाटा कापण्यास आमचे मन होईना. आम्ही पेटी लोखंडी कपाटामागून काढली आणि दाराजवळ उंचावर बसविली. त्याचा वेग वाढला, आणि त्याच्याबरोबर सर्वांचाच.

मागे पडणाऱ्यास दटावण्यापूर्वी, त्याला आपण बसविले आहे कोठे, एवढे पाहावे.